डोंबिवलीपर्यंत

माझा नातू साडेतीन वर्षांचा आहे. आकडे अजून नीट येत नाहीत. चौदानंतर तो थेट सतरावर जातो. पण दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली, कल्याण ही यादी मात्र न चुकता म्हणतो. रात्री आठनंतर त्याचे बाबा लोकलमधून फोनवर नुसतं स्टेशनचं नाव पाठवतात. मी ते वाचते, की हा पांघरुणातून पुढचं सांगतो. बहुतेक रात्री डोंबिवलीपाशी आवाज थांबतो.

आम्ही बदलापूरला राहतो, सीएसएमटीपासून सुमारे ६८ किलोमीटरवर. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला गेली, ते अंतर जेमतेम ३४ किलोमीटरचं; तरी बघायला ही गर्दी लोटली होती. माझा मुलगा त्याच्या दुप्पट अंतर रोज जातो आणि येतो, बरंचसं उभ्यानं. त्याची वाट बघणारा एकच, आणि तो पोचेपर्यंत तोही झोपलेला.

मी गिरगावच्या चाळीत वाढले. दहा बाय बाराची खोली, सहा माणसं, संडास गॅलरीच्या टोकाला. पहाटे चारला नळ यायचा आणि आईची झोप घेऊन जायचा. चाळीचे गोडवे गाणाऱ्यांपैकी पाणी भरणारे फारसे नसावेत. पण वडील फोर्टातल्या कचेरीतून धोबीतलावावरून चालत सव्वासहाला घरी येत. मग चौपाटी. भेळ महिन्यातून एकदा, वाळू रोज. ते जागे आणि मीही जागी, असे तीन तास आम्हाला रोज मिळत. फार बोलायचे नाहीत ते. नुसते असायचे.

मुलानं इथे घर घेतलं तेव्हा वहीत हिशोब मांडला होता: चौरस फूट, हप्ता, पास, शाळेची फी. गिरगावात त्या पैशांत मोरीसुद्धा आली नसती. इथे नातवाला स्वतःचा कोपरा आहे, खाली घसरगुंडी आहे, खिडकीतून चंदेरीचा डोंगर दिसतो, पावसाच्या तोंडावर जांभळांनी जीभ निळी होते. हिशोब चुकलेला नव्हता. त्या तीन तासांचा रकाना तेवढा वहीत नव्हता. मला तरी कुठे सुचला?

आणि ती घसरगुंडी. चाळीत पोर दाराबाहेर सोडलं की झालं. गॅलरीतलं कुणीतरी बघायचं, वेळेला धपाटाही घालायचं. इथे नातवाला खाली न्यावं लागतं. माझे गुडघे दुखले की बाग बंद.

परवा मुलगा म्हणाला, "आई, भांडुपला भाड्यानं जागा मिळतेय. याच्या निम्मी आहे. जाऊ या का?" सून काहीच बोलली नाही, तिची नोकरी ठाण्याला, तिला दोन्हीकडून सोयीचं. मी म्हटलं, "पावसाळा जाऊ दे."

काल गाडी वेळेवर होती. कल्याण झालं तरी पांघरूण हलत होतं. "विठ्ठलवाडी," तो म्हणाला. मी उशीशी टेकून फोनकडे बघत राहिले. उल्हासनगर आलं तेव्हा पुढचं सांगायला कुणी जागं नव्हतं.