संशयाचा न्याय

पत्नीचा प्राण घेतल्यावर क्षणभरातच ती निर्दोष होती असे पतीला कळावे, यापरते दारुण दुसरे काय असेल? इटालियन संगीतकार जुझेप्पे व्हेर्दी यांच्या ‘ओतेल्लो’ या संगीतिकेचा शेवट असा आहे. ५ फेब्रुवारी १८८७ रोजी मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात ती प्रथम रंगभूमीवर आली. तेव्हा व्हेर्दींचे वय ७३ वर्षांचे होते. शेक्सपिअरच्या नाटकावरून तिची संहिता आरिगो बोइतो यांनी रचली. तेच नाटक गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये ‘झुंजारराव’ या नावाने मराठीत आणले असल्याने हे कथानक आपल्यालाही परके नाही.

आपल्याला डावलून कॅसिओला बढती मिळाली, म्हणून इयागो सेनापती ओतेल्लोच्या संसारात विष कालवतो. या नाशाचा कर्ता कोण? कोणीही इयागोचेच नाव घेईल. परंतु कपटाला केवळ बीज पेरता येते. जमीन दुसऱ्याची लागते. इयागो आरंभी उघड आरोप करीतच नाही; उलट ‘मत्सरापासून सांभाळा’ असा उपदेश करतो. हितचिंतकाच्या मुखातून आलेला हा शब्दच ओतेल्लोच्या मनात मत्सर जागवतो.

ओतेल्लो पुरावा मागतो. वरवर पाहता हे न्यायाचेच लक्षण. पण तो मागतो कोणापाशी? आरोप करणाऱ्यापाशीच! मग इयागो कॅसिओने झोपेत बरळल्याची एक कथा रचतो. तिची शहानिशा होणार कशी? दुसरा पुरावा रुमालाचा. पतीचे कपाळ बांधू पाहणाऱ्या डेस्डेमोनेच्या हातून तो ओतेल्लोनेच भिरकावलेला असतो. एमिलिया तो उचलते आणि तिचा पती इयागो तो तिच्याकडून हिसकावून घेतो. भयाने ती वेळेवर बोलत नाही. बोलते तेव्हा उशीर झालेला असतो. असत्याला आपले मौनही हातभार लावते, हा बोध एमिलिया देते.

ओतेल्लो पत्नीला विचारीत नाही असे नव्हे. पण विचारतो ते मनात निकाल ठरल्यानंतर. अखेरच्या अंकात कॅसिओलाच विचारा, असे ती विनवते. तो आता बोलणे शक्य नाही, असे ओतेल्लो सांगतो. वस्तुतः कॅसिओ जिवंत असतो! एका माणसाची साक्ष होईपर्यंत थांबण्याइतका धीर नव्हता, म्हणून एक संसार बुडाला. पहिल्या अंकात पतिपत्नींच्या मीलनाच्या क्षणी उमटलेली सुरावट या अंकात दोनदा परत येते : निद्रिस्त पत्नीजवळ तो येतो तेव्हा, आणि स्वतःवर वार करून तिच्या शवापाशी प्राण सोडतो तेव्हा. सूर तेच असतात. आता त्यांना उत्तर देणारे कोणी नसते.

देवलांचेच ‘संशयकल्लोळ’ १९१६ मध्ये रंगभूमीवर आले. तेथे रुमालाच्या जागी एक तसबीर आहे. परंतु तेथील माणसे समोरासमोर भांडतात, एकमेकांचे ऐकून घेतात, आणि गाठ हसत सुटते. संशय दोन्हीकडे तोच; भेद एवढाच की एकीकडे दुसऱ्याला बोलू दिले जाते.

गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयग्रस्ताच्या नाशाचा इशारा दिला आहे, तो ज्ञान आणि श्रद्धा यांच्या संदर्भात. संसारातही त्याचा प्रत्यय येतो. मनात शंका येणे हे पाप नव्हे. मात्र जिच्याविषयी शंका आली तिचे म्हणणे मोकळ्या मनाने ऐकण्यापूर्वी जो निकाल देतो, त्याला कपटी मित्राचे निमित्त पुढे करून स्वतःचा दोष झाकता येणार नाही.