यंदाची येळवस

भालकी आणि औराद तालुक्यांच्या मधे, मांजरा नदीकडे उतरत जाणाऱ्या काळ्या रानात एका शेतकऱ्याची चार एकर जमीन होती. बीदर-कलबुर्गीचा हा पट्टा तुरीवर जगतो. इथली तूर अशी चवीची, की कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनाने तुरीचा स्वभाव बदलत नाही. मुळाशी पाणी साचलं, की ती उभ्या उभ्या वाळते.

एका साली हस्ताचा पाऊस थांबता थांबेना. चार एकरांतली अडीच एकर तूर गेली. पाणी ओसरलं, वाफसा आला, तशी शेतकऱ्याने वाळलेली तूर उपटून तिथे हरभरा पेरला. कुणाकडे गाऱ्हाणं केलं नाही.

मार्गशीर्षातली अमावस्या जवळ आली. लातूर-धाराशिवपासून बीदर-कलबुर्गीपर्यंत हा येळवसेचा सण. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारतात, चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात आणि काळ्या आईची पूजा करतात. भज्जी, उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि मडक्यातली गार आंबील, असा थाट असतो. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, तो कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, कुठली भाषा बोलतो हे विचारायचं नाही, ही रीत.

शेतकऱ्याचा मुलगा हैदराबादला एका गोदामात हिशेब लिहायच्या नोकरीवर होता. सणाला तो घरी आला. रान पाहून त्याचा जीव तुटला. रात्री वही घेऊन बसला. बियाणं, खत, फवारणी, मजुरी, सगळं मांडलं आणि म्हणाला, "अण्णा, यंदा येळवस नको. अडीच एकर पाण्यात गेलं. आता आभार तरी कशाचे मानायचे?"

बापाने वहीकडे पाहिलं. "तुझा हिशेब खरा आहे लेकरा. पण कोप तर बांधावीच लागंल. लोकं जेवायला येतील."

आईने त्याच्या हातात पिशवी दिली. "भज्जीला सगळ्या शेंगा लागतात. आपल्यात यंदा चवळी नाही, वाटाणा नाही, तुरीलाही अजून दाणा भरला नाही. शेजारच्या रानातून घेऊन ये."

मागायला जायची त्याला लाज वाटली, पण आईचा शब्द मोडवेना. वरच्या अंगाला एका लिंगायत काकांचं रान होतं. त्यांची तूर कमरेच्या वर गेलेली, शेंगांनी लगडलेली. काकांनी पिशवी ओढून घेतली आणि स्वतःच्या हाताने शेंगा तोडून भरायला लागले.

"पुरे काका, एवढ्या कशाला?"

काका थांबले. "तम्मा, तुला अण्णांनी काही सांगितलं नाही?"

मग त्यांनीच सांगितलं. पावसाच्या दुसऱ्या रात्री दोन रानांच्या मधल्या बांधाला पाणी तटलं होतं. बांध टिकला असता तर वरची सहा एकर तूर बुडाली असती, खालची मात्र वाचली असती. मुलाचा बाप कंदील आणि कुदळ घेऊन आला आणि त्याने स्वतःच्या हाताने बांध फोडला. पाणी त्याच्या तुरीतून वाट काढत ओढ्याला आणि तिथून मांजरेला गेलं.

"ही तूर उभी आहे ती त्यामुळे," काका म्हणाले. "इथून जवळच्या कल्याणात बसवण्णांनी १२व्या शतकात सांगितलं, की घामाने मिळवावं आणि त्यातलं दुसऱ्याच्या ताटात घालावं. आम्ही ते मठात ऐकतो. तुझ्या बापाने ते रानात केलं."

मुलगा पुढे गेला. चवळी आणि वाटाणा एका चाचांच्या मळ्यात मिळाला. त्यांनीही मोजमाप केलं नाही. "उद्या आम्ही सगळे येतोय आंबील प्यायला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कोपीत पूजा झाली. आंबील शिंपडत सगळ्यांनी रानाला फेरी घातली. वाळलेल्या तुरीच्या जागी उगवलेल्या हरभऱ्यावरही बापाने तितक्याच मनाने आंबील शिंपडली. पंगत बसली. काका आले, चाचा आले, रस्त्याने जाणारे दोन मेंढपाळ आले. दोघांच्या रानातल्या शेंगा एका भज्जीत शिजल्या होत्या.

पंगत उठल्यावर मुलाने विचारलं, "अण्णा, बांध तुम्हीच फोडला. मला कामून सांगितलं नाही?"

"सांगायचं काय त्यात? माझा बांध धरून ठेवला असता तर माझी तूर राहिली असती, त्यांची गेली असती. त्यांचं सहा एकर, माझं अडीच. आणि पाण्याला उताराकडेच जायचं असतं."

"पण नुकसान झाल्यावर पूजा कशाची?"

बाप म्हणाला, "येळवस कधी येते ते बघ. ज्वारी अजून हिरवी असते. तुरीच्या शेंगा झाडावरच असतात. हरभऱ्याला घाटे धरायचे असतात. यातला एक दाणा घरात आलेला नसतो. उद्या ढग आले, आळी पडली, तर हे सगळं जाऊ शकतं. तरी जुन्या माणसांनी सण सुगीनंतर ठेवला नाही, आधी ठेवला. पोती मोजून मग हात जोडले तर तो व्यवहार झाला. काळी आई दरसाल पेरलेलं पोटात घेते, आपण तिच्यावर उभे राहतो, एवढ्यासाठीच हे हात जोडायचे."

आई भांडी आवरत होती. ती म्हणाली, "मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारं उघडली. बीदरच्या बादशहाने त्यांना पकडून आणायला माणसं धाडली. मग विठोबा विठू महार होऊन बीदरच्या दरबारात आला आणि धान्याचे पैसे भरून गेला. ही गोष्ट आपण सगळेच सांगतो. पण कोठाराचं कुलूप काढताना दामाजीला कुठं ठाऊक होतं, की देव येणार आहे?"

मुलगा बराच वेळ फुटलेल्या बांधाकडे बघत बसला. मग उठून काकांच्या रानात गेला. सुट्टीचे उरलेले दिवस त्याने आणि काकांच्या मुलांनी मिळून बांधालगत एक चर खणली. निम्मी जागा वरच्या रानातली, निम्मी खालच्या. पुढच्या पावसात साचलेलं पाणी कुणाच्याही पिकात न शिरता थेट ओढ्याला जाईल, असा तिचा उतार ठेवला. कुदळ मारताना काकांनी विचारलं, "तम्मा, तुझी रजा संपली ना?" तो म्हणाला, "एक दिवस वाढवून घेतली. माझ्या बापाचं काम तुम्ही लक्षात ठेवलंत, माझ्याकडून एवढं तर व्हावं."

तात्पर्य : हातात काही पडल्यावर आभार मानणं सोपं असतं. पीक अजून रानात उभं असताना, आणि काही गेलेलं असतानाही, ज्याला हात जोडता येतात त्यालाच दुसऱ्यासाठी आपला बांध फोडता येतो. ज्याच्यावर असा उपकार झाला, त्याने तो नुसता आठवून थांबू नये, पुढच्या पावसाआधी चर खणावी.