इजा आधी, आकडा नंतर

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर पहिले काही दिवस सगळ्यांचे लक्ष दोन आकड्यांवर खिळलेले असते: लघवी किती झाली आणि क्रिएटिनिन किती उतरले. क्रिएटिनिन हा स्नायूंमध्ये तयार होणारा टाकाऊ पदार्थ. पिक्रिक आम्लाशी त्याची रंगीत अभिक्रिया होते, हे मॅक्स याफे यांनी 1886 मध्येच दाखवले होते. अनेक प्रयोगशाळांतली चाचणी आजही त्याच अभिक्रियेवर चालते. पुढे 1926 मध्ये डेन्मार्कच्या रेहबर्ग यांनी मूत्रपिंडाची गाळणक्षमता मोजण्यासाठी क्रिएटिनिन वापरले. 23 डिसेंबर 1954 रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले, तेव्हा क्रिएटिनिनचा हा हिशेब वैद्यकात रुळलेला होता.

पण क्रिएटिनिन काम मोजते, इजा नव्हे. मूत्रपिंडाला राखीव क्षमता मोठी असते. त्यातला बराच भाग निकामी झाल्यावरच आकडा ठळकपणे वाढतो. प्रत्यारोपणात अडचण दुहेरी असते, कारण रुग्णाच्या रक्तात क्रिएटिनिन मुळातच साचलेले असते. ते आठवरून सहावर आले, तर नवे मूत्रपिंड सावकाश रुजते आहे की इजेने अडखळले आहे, हे त्या उतारावरून कळत नाही. मधेच डायलिसिस झाले असेल, तर तो उतारही मूत्रपिंडाचा राहत नाही.

सायक्लोस्पोरिन आले आणि हा पेच आणखी टोकदार झाला. 1980 च्या दशकात या औषधाने परक्या मूत्रपिंडाला शरीराकडून होणारा नकार आटोक्यात आणला, पण मूत्रपिंडाला तेच औषध बाधतही होते. आकडा चढला की डॉक्टरांपुढे दोन परस्परविरोधी उपाय उभे राहत. नकार असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वाढवायची. बाधा असेल तर सायक्लोस्पोरिन कमी करायचे. निवाडा करायला बायोप्सी होती आणि 1991 मध्ये कॅनडातल्या बॅन्फ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी तिच्या वाचनाची सामाईक पद्धतही आखली. तरी सुई रोज टोचता येत नाही, आणि रक्तस्रावाचा धोका उरतोच.

मग शोध वळला तो जखमी पेशीकडे. दात्याच्या शरीरातून काढलेले मूत्रपिंड बर्फात ठेवले, तरी त्याचा प्राणवायू तुटलेलाच असतो. नव्या शरीरात रक्त पुन्हा सुरू झाले की दुसरा आघात होतो. सगळ्यात जास्त सोसतात त्या मूत्रनलिकांच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी. त्यांचे काम अविरत चालते आणि प्राणवायूवाचून त्यांचे भागत नाही. पेशीच्या नलिकेच्या पोकळीकडील कडेवर ब्रशच्या केसांसारखी दाट झालर असते. ती गळून पडते. अशा पेशी किम-1 नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार करू लागतात, आणि त्याचा पेशीबाहेरचा तुकडा सुटून लघवीत येतो. हे प्रथिन 1998 मध्ये उजेडात आले. दुसरे प्रथिन एनगॅल. ते आधी पांढऱ्या पेशींमध्ये सापडले होते. रक्तपुरवठा तोडलेल्या मूत्रपिंडातही ते झपाट्याने वाढते, हे 2003 मध्ये सिनसिनाटीच्या संशोधकांनी उंदरांत दाखवले. त्याच गटाने 2005 मध्ये हृदयशस्त्रक्रिया झालेल्या मुलांच्या लघवीत ते दोन तासांत वाढल्याचे नोंदवले. क्रिएटिनिनला त्यासाठी एक ते तीन दिवस लागत. आघाताची वेळ अचूक ठाऊक असल्यामुळेच ही तुलना जमली. प्रत्यारोपणातही रक्तवाहिनीवरचा चिमटा निघण्याची वेळ नोंदलेली असते. म्हणून 2006 मध्ये लघवीतले एनगॅल आणि इंटरल्युकिन-18 हे आणखी एक प्रथिन यांची परीक्षा प्रत्यारोपणात झाली, आणि मूत्रपिंड उशिरा काम सुरू करील का, याचा अंदाज त्यांच्यावरून लवकर बांधता येतो असे दिसले.

इथे एक मूलभूत अडचण आहे आणि तिची चर्चा व्हावी तितकी होत नाही. इजेचा असा नवा सूचक बरोबर की चूक हे ठरवायचे कशाने? बहुतेक अभ्यासांत क्रिएटिनिननेच, किंवा पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागले का, या निकषाने. डायलिसिसचा निर्णय पोटॅशियम वाढल्यामुळे किंवा अंगात पाणी साचल्यामुळेही होतो. पेशी खरोखर जखमी असून क्रिएटिनिन शांत राहिले, तर सूचकाचा खरा इशारा खोटा ठरतो. अर्थात सूचकही निर्दोष नाही: मूत्रमार्गातल्या जंतुसंसर्गानेही एनगॅल वाढते.

इजा झाली हे कळले, तरी ती कोणी केली हे उरते. 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी लघवीतल्या पेशींमध्ये परफोरिन आणि ग्रॅन्झाइम-बी यांचे जनुकीय संदेश मोजून नकार ओळखता येतो असे दाखवले; हल्लेखोर पेशींची ती हत्यारेच आहेत. दुसरी वाट रक्तातल्या डीएनएची. 1998 मध्ये डेनिस लो यांच्या गटाला पुरुषाचा अवयव मिळालेल्या स्त्रियांच्या रक्तद्रवात वाय गुणसूत्राचे अंश आढळले. म्हणजे दात्याच्या मरणाऱ्या पेशींची खूण रक्तात मिळते. पुढे रक्तद्रवातल्या एकूण मुक्त डीएनएमध्ये दात्याचा वाटा सुमारे 1 टक्क्याहून जास्त असेल तर मूत्रपिंडाच्या नकाराचा संशय घ्यावा, अशी मर्यादा सुचवली गेली. मात्र हा डीएनए रोपणाच्या आघातानेही वाढलेला असतो, म्हणून पहिल्या काही दिवसांत त्यावरून नकाराचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

भारतात बहुतेक मूत्रपिंडे जिवंत दात्यांकडून येतात, त्यामुळे बर्फातला काळ थोडा असतो. मेंदूमृत दात्यांचे अवयव महाराष्ट्रात विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत दिले जातात. काही वेळा ते दुसऱ्या शहरात न्यावे लागतात, आणि लवकर मिळणाऱ्या इशाऱ्याची गरज इथेच जास्त आहे. रोपणाच्या वेळच्या या इजेवर खात्रीचे औषध अजून नाही. तरीही मूत्रपिंडाला बाधणारे औषध काही दिवस मागे ठेवणे किंवा बायोप्सीची वेळ ठरवणे, एवढे तरी त्या इशाऱ्यावर करता येते.