मागितलेली भाषा, लादलेली भाषा

12 डिसेंबर 1888 रोजी स्पॅनिश गव्हर्नर-जनरल वालेरियानो वेलर मालोलोस गावी आले. मनिलाच्या उत्तरेला, बुलाकान प्रांतातलं हे सुखवस्तू गाव. स्वागताच्या गर्दीतून वीस तरुण मुली पुढे झाल्या आणि त्यांनी साहेबाच्या हाती एक अर्ज दिला. आम्हाला स्पॅनिश शिकायचं आहे, त्यासाठी रात्रशाळा उघडू द्यावी, एवढीच मागणी. मुली खात्यापित्या घरच्या होत्या, बऱ्याचशा चिनी-मेस्तिसो, म्हणजे मिश्र वंशाच्या, व्यापारी आणि जमीनदार कुटुंबांतल्या. अर्जात बंडाचा वासही नव्हता. तरी गावच्या पाद्र्याने मोडता घातला आणि परवानगी नाकारली गेली. मुलींनी पिच्छा सोडला नाही. दोनेक महिन्यांनी परवानगी मिळाली ती अटींसकट: शाळा रात्री नाही, दिवसा भरेल, खर्च मुलींनीच करायचा, शिकवायला त्यांनीच बाई शोधायची. शाळा सुरू झाली आणि काही महिन्यांतच बंदही पडली.

आपल्याकडच्या वाचकाला हे उलटं वाटेल. राज्यकर्त्याची भाषा प्रजेच्या माथी मारली जाते, ही आपली नेहमीची कथा. गोव्यात 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की, लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी आणि कोकणी टाकून द्यावी. सोळाव्या शतकाच्या शेवटी गोवा आणि मनिला या दोन्ही ठिकाणी एकाच राजाचं नाव चालत होतं. दुसरा फिलिप 1580 नंतर पोर्तुगालच्याही गादीवर बसला, आणि फिलिपिन्सला तर नावच त्याचं. क्रूस तोच, गादीही काही काळ तीच, पण भाषेचं धोरण अगदी विरुद्ध. फिलिपिन्समध्ये धर्मगुरूंनी स्थानिक भाषा शिकून घेतल्या, त्यांची व्याकरणं लिहिली, कोश केले आणि स्वतःची भाषा मात्र कुलपात ठेवली.

माद्रिदहून हुकूम येत नव्हते असं नाही. प्रजेला स्पॅनिश शिकवा अशी फर्मानं राजांनी वेळोवेळी काढली. 1863 च्या शिक्षण-आदेशाने तर प्रत्येक गावात मुलांची एक आणि मुलींची एक शाळा, माध्यम स्पॅनिश, असं कागदावर ठरवूनही टाकलं. पण गावात अंमल होता पाद्र्याचा. मनिलातले अधिकारी येत, दोन-चार वर्षांत खिसे भरून परत जात. पाद्री मात्र तीस-तीस वर्षं एका जागी. सरकार आणि रयत यांच्यामधला एकमेव दुभाषी तोच. रयतेला सरकारची भाषा आली असती तर तिने अर्ज थेट लिहिला असता, कायदा स्वतः वाचला असता, आणि पाद्र्याची निम्मी सत्ता त्याच दिवशी गेली असती. त्यामुळे तीनशे तेहतीस वर्षांच्या राज्यानंतरही स्पॅनिश बोलणारे फिलिपिनो शेकड्यात मोजकेच राहिले, तेही वरच्या थरातले.

फिलिपिनो लेखक होसे रिझालने ही गोष्ट ‘नोली मे तांगेरे’ या 1887 च्या कादंबरीत एका छोट्या प्रसंगात पकडली आहे. गावातला शाळामास्तर मुलांना हौसेने स्पॅनिश शिकवू लागतो आणि एकदा पाद्रे दामासोला त्या भाषेत नमस्कार करतो. दामासो त्याला सर्वांदेखत झापतो: उसने कपडे घालून मिरवू नकोस, आपल्या भाषेत बोल. वाक्य तेवढंच वेगळं काढलं तर एखाद्या भाषाभिमान्याचं वाटेल. मातृभाषेचा आग्रह धरणारा माणूस मातृभाषेचा मित्र असतोच असं नाही, हे दामासोइतकं स्पष्ट क्वचितच कोणी दाखवलं असेल. ‘तू तुझ्या भाषेत राहा’ म्हणजे ‘तू तुझ्या जागी राहा’. सावित्रीबाईंनी 1854 च्या ‘काव्यफुले’त शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकायला सांगितलं तेव्हा त्यांना हा डाव नेमका ठाऊक होता. आजही ज्यांची नातवंडं परदेशात आहेत त्यांनी गावच्या शाळेत मराठी माध्यम टिकवण्याची भाषणं केली की ऐकणाऱ्याच्या मनात दामासो डोकावून जातो. असो.

मालोलोसच्या मुलींची बातमी युरोपात पोचली. रिझालचा सहकारी मार्सेलो देल पिलार याने त्याला गळ घातली की त्यांना उत्तेजनाचं पत्र लिही, आणि तागालोगमध्ये लिही. रिझाल तेव्हा लंडनमध्ये होता. फेब्रुवारी 1889 मध्ये त्याने ते लिहिलं. त्याच्या दोन्ही कादंबऱ्या स्पॅनिशमधल्या. पण स्पॅनिश शिकू पाहणाऱ्या मुलींना त्याने पत्र घातलं ते तागालोगमध्ये. आणि पत्राचा भर भाषेवर नाहीच. पाद्र्याचा शब्द म्हणजे देवाचा शब्द नव्हे, गुडघे टेकून घोकलेली प्रार्थना म्हणजे भक्ती नव्हे, आईच जर मान खाली घालून जगली तर मूल ताठ मानेने कसं वाढेल, विवेक कोणाकडे गहाण टाकू नये, असं तो सांगत राहतो. स्पॅनिश आली की स्वातंत्र्य येईल असं त्याला वाटत नव्हतं. दोन वर्षांनी आलेल्या ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’त विद्यार्थी स्पॅनिशच्या अकादमीसाठी सरकारदरबारी खेटे घालतात आणि सिमून हे पात्र त्यांची रेवडी उडवतं: परकी भाषा मागून तुम्ही राष्ट्र होणार नाही, असलेली ओळखही घालवून बसाल. वाद रिझालचा स्वतःशीच होता, आणि तो त्याने मिटवला नाही. नंतर तिसरी कादंबरी तागालोगमध्ये लिहायला घेतली, ती अपुरी राहिली. 30 डिसेंबर 1896 ला मनिलात त्याला गोळ्या घातल्या गेल्या. शेवटची कविता स्पॅनिशमध्येच आहे.

ज्या कातिपुनानने स्पेनविरुद्ध तलवार उचलली, त्या आंद्रेस बोनिफासिओच्या गुप्त संघटनेचा कारभार तागालोगमध्ये चाले. 1897 च्या बियाक-ना-बातोच्या घटनेने तागालोगला राजभाषा म्हटलं. पण दोनच वर्षांनी, त्याच मालोलोसमध्ये प्रजासत्ताक स्थापन झालं तेव्हा घटनेत तडजोड आली: देशातल्या सगळ्या भाषा वापरायला मोकळीक, सरकारी कामाला तूर्तास स्पॅनिश. शिक्षण सक्तीचं आणि मोफत असंही त्यात लिहिलं होतं. अमलात आणायला वेळ मिळाला नाही.

डिसेंबर 1898 मध्ये पॅरिसच्या तहाने स्पेनने ही बेटं अमेरिकेला दिली. अमेरिकेने दोन कोटी डॉलर मोजले. फेब्रुवारीत अमेरिका आणि फिलिपिनो प्रजासत्ताक यांच्यात युद्ध पेटलं. लढाई, उपासमार आणि कॉलरा मिळून दोन लाखांच्या घरात सामान्य माणसं गेल्याचा अंदाज आहे. आता 1901 हे एकच साल पाहू. जानेवारीत कायदा झाला: सार्वजनिक शिक्षण खातं, मोफत प्राथमिक शाळा, माध्यम इंग्रजी. ऑगस्टमध्ये ‘थॉमस’ नावाचं लष्करी वाहतुकीचं जहाज मनिला बंदराला लागलं, त्यातून सुमारे पाचशे अमेरिकन मास्तर-मास्तरणी उतरल्या. सप्टेंबरमध्ये समार बेटावर बालांगिगाला गावकऱ्यांनी अमेरिकन तुकडी कापून काढली, आणि मग जनरल स्मिथने दहा वर्षांवरच्या कोणालाही जिवंत सोडू नका म्हणून हुकूम दिला. नोव्हेंबरमध्ये स्वातंत्र्याचा प्रचार करणं हा गुन्हा ठरवणारा कायदा आला. शाळा, कत्तल आणि तोंडबंदी एकाच वर्षात, एकाच सरकारकडून. 1907 ते 1919 फिलिपिनो झेंडा लावायलाही बंदी होती. शाळेत मुलं उभी राहायची ती तारे-पट्ट्यांच्या झेंड्यासमोर.

तरीही लोकांनी शाळा जवळ केल्या, आणि त्यांना भोळं ठरवणं सोपं असलं तरी बरोबर नाही. ज्या दारावर तीनशे वर्षं पाद्री उभा होता ते दार कोणीतरी सताड उघडलं होतं. शेतकऱ्याचा मुलगा आणि जमीनदाराचा मुलगा एका बाकावर बसू लागले. थॉमसवरून आलेल्यांपैकी कितीतरी जण देवीच्या नि कॉलऱ्याच्या साथींत गावातच राहिले, काही तिथेच मेले. 1908 मध्ये विद्यापीठ निघालं. स्पॅनिश मागूनही मिळाली नव्हती, इंग्रजी न मागता घरपोच आली. ज्याला पहिल्याचा अनुभव आहे त्याला दुसऱ्याचा संशय येत नाही. अमेरिकन राज्याची खरी हुशारी इथे आहे, असं मला वाटतं. स्पेनने शाळा नाकारून बंडखोर तयार केले, अमेरिकेने शाळा देऊन उमेदवार.

पण शाळेत मुलाला कळत काय होतं? कधी न पाहिलेलं सफरचंद, कधी न पडणारा बर्फ, हे सगळं न समजणाऱ्या भाषेत घोकायचं. 1924 मध्ये नजीब सलीबी या लेबनॉनमध्ये जन्मलेल्या अमेरिकन अधिकाऱ्याने लिहिलं की इंग्रजी माध्यमाचा प्रयोग फसला आहे. पुढच्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाचे पॉल मन्‍रो यांच्या समितीने शाळा तपासल्या: बहुतेक मुलं तीन-चार वर्षांत शाळा सोडतात आणि जी थोडी इंग्रजी आली ती बाहेर पडल्यावर कामाला येत नाही. इतकं दिसूनही समितीने इंग्रजीच चालू ठेवा म्हटलं. 1931 मध्ये उपगव्हर्नर बट यांनी पहिल्या काही इयत्ता मातृभाषेत शिकवाव्या अशी सूचना केली, पण तिला विरोध झाला आणि इंग्रजीच चालू राहिली. तोवर इंग्रजी ही नोकरीची, कचेरीची, निवडणुकीची भाषा झाली होती आणि ती येणाऱ्यांचा एक वर्ग तयार झाला होता. पाद्र्याची जागा भरली गेली होती.

या वर्गावर सर्वांत कडक आसूड ओढला तो रेनातो कोन्स्तान्तिनो यांनी. ‘फिलिपिनोचं कुशिक्षण’ अशा आशयाचं शीर्षक असलेला त्यांचा लेख 1959 मध्ये लिहिला गेला, छापून आला 1966 मध्ये. त्यांचं म्हणणं असं: लोकांना जिंकायचा पक्का उपाय म्हणजे त्यांचं मन घडवणं; अमेरिकेने शाळेतून तेच केलं, स्वतःच्या लढ्याला लुटालूट समजणारी आणि जेत्याला उपकारकर्ता मानणारी पिढी तयार केली. इतिहासाच्या पुस्तकांपुरतं हे शंभर टक्के खरं आहे. अमेरिकन राजवटीत शाळेत रिझाल हुतात्मा म्हणून शिकवला जायचा, पण अमेरिकेविरुद्ध लढून 1907 मध्ये फासावर गेलेला माकारिओ साकाय दरोडेखोर म्हणून. भाषेच्या बाबतीत मात्र कोन्स्तान्तिनोंचा युक्तिवाद मला तोकडा वाटतो. इंग्रजीने विचार खुंटतो असं ते लिहितात, आणि लिहितात इंग्रजीत, तेही लखलखीत. इंग्रजी येणाऱ्या त्याच वर्गातून त्यांचा वाचक येत होता.

त्या काळातला दुसरा वाद अधिक बोलका आहे. 1956 मध्ये क्लारो रेक्तो यांनी सिनेटमध्ये रिझालच्या दोन्ही कादंबऱ्या, काटछाट न करता, सर्व कॉलेजांत आणि विद्यापीठांत सक्तीच्या करण्याचं विधेयक लावून धरलं. चर्चने आकाशपाताळ एक केलं, कॅथलिक शाळा बंद करू म्हणून धमक्या आल्या. अखेर कायदा झाला, पण धार्मिक कारणाने मूळ पुस्तक वाचायचं नसेल तर तसं प्रतिज्ञापत्र देऊन सुटका मागता येईल अशी फट ठेवून. तोवर बहुसंख्य विद्यार्थ्यांना रिझालची स्पॅनिश वाचता येईनाशी झाली होती. राष्ट्रपुरुषाचं पुस्तक मुलं वाचू लागली ती भाषांतरात, अनेकदा त्याला मारणाऱ्यांनंतर आलेल्या राज्यकर्त्यांच्या भाषेत. राष्ट्रगीताचंही तेच: चाल 1898 ची, शब्द 1899 चे स्पॅनिश, 1938 मध्ये इंग्रजी शब्द अधिकृत, आजचे तागालोग शब्द 1956 चे.

मग राष्ट्रभाषा का केली नाही? केली, आणि इथे गोष्ट अवघड होते. 1937 च्या 30 डिसेंबरला, रिझालच्या पुण्यतिथीला मुद्दाम साधून, अध्यक्ष मानुएल केसोन यांनी राष्ट्रभाषा तागालोगवर आधारित असेल असं जाहीर केलं. शिफारस करणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष हाइमे दे वेरा स्वतः लेतेचे, तागालोग नव्हेत. कागदोपत्री सगळं नीट होतं. पण सेबूच्या माणसाला काय दिसलं? मनिला आणि मनिलाची भाषा. सेबुआनो बोलणारे तागालोगहून कमी नाहीत असा त्यांचा दावा होता आणि तो पोकळ नव्हता. 1959 मध्ये भाषेचं नाव ‘पिलिपिनो’ केलं, 1987 च्या घटनेत ‘फिलिपिनो’, देशातल्या सर्व भाषांमधून समृद्ध होणारी. नाव बदललं तरी पाया मनिलाच्या बोलीचाच राहिला. इंग्रजी सोबतीला अधिकृत होतीच. कायदे तिच्यातच होतात, वरची न्यायालयं तिच्यातच चालतात. सेबू किंवा इलोकोसच्या मुलाला आता एकाच्या जागी दोन परक्या भाषा. तिथल्या अनेकांना त्यांतली इंग्रजी बरी वाटते, कारण ती सगळ्यांनाच सारखी परकी. चेन्नईत हिंदीबद्दल हाच सूर ऐकू येतो.

आणि इंग्रजीला आता पोटाचा आधार आहे. अमेरिकन अमलात सुरू झालेल्या नर्सिंग शाळांतून निघालेल्या परिचारिका जगभर आहेत. देशभरच्या कॉल सेंटरांत दहा लाखांहून जास्त माणसं रात्रभर अमेरिकेशी बोलतात. शाळेत स्थानिक भाषा बोललं तर दंड, हा प्रकार तिथेही जुना आहे, आपल्या काही इंग्रजी शाळांसारखाच. जिथे दर महिन्याला पैसे पाठवणाऱ्या मावशीच्या जिवावर घर चालतं, तिथे आईबापांना भाषाभिमान शिकवायला जाणाऱ्याने आधी घरभाडं कोण भरतं ते विचारावं.

या सगळ्यात 2009 साली शिक्षण खात्याने एक शहाणपणाचं पाऊल टाकलं: लहान मुलांना आधी त्यांच्या घरच्या भाषेत शिकवायचं. 2013 च्या कायद्याने बालवाडी ते तिसरीपर्यंत ते पक्कं केलं. रिझाल, रेक्तो, केसोन, कोणीही ज्यांचा फारसा विचार केला नव्हता त्या वाराय, बिकोल, इलोकानो, मारानाओ भाषांना वर्गात जागा मिळाली. पुस्तकं अपुरी आली, शिक्षकांना तयारी मिळाली नाही, एका वर्गात तीन भाषांची मुलं निघाली, निकाल लागेनात. ऑक्टोबर 2024 मध्ये नव्या कायद्याने ते माध्यम काढून घेतलं. आता पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी, बाकीच्या भाषा मदतनीस.

अपवाद ठेवला आहे तो ज्या वर्गात सगळी मुलं एकच भाषा बोलतात त्यांच्यासाठी, ऐच्छिक. त्यालाही अटी: भाषेची अधिकृत लेखनपद्धती हवी, शब्दसंग्रह छापलेला हवा, गोष्टींची पुस्तकं हवीत, व्याकरणाचं पुस्तक हवं, शिकवणारा तयार हवा. तागालोगचं व्याकरण एका स्पॅनिश पाद्र्याने 1610 मध्येच छापून घेतलं होतं, बातानमध्ये तोमास पिनपिन या फिलिपिनो मुद्रकाकडून. त्याच वर्षी त्याच मुद्रकाने आपल्या लोकांना स्पॅनिश शिकता यावी म्हणून स्वतः तागालोगमध्ये एक पुस्तक लिहिलं. मोठ्या भाषांची ही कागदपत्रं शतकांपूर्वीच तयार आहेत, पण त्या बोलल्या जातात तिथे शहरं वाढली, माणसं मिसळली, वर्ग एकभाषी राहिले नाहीत. वर्ग अजून एकभाषी सापडतील ते डोंगरातल्या नि दूरच्या बेटांवरच्या शाळांत, आणि तिथल्या भाषांची व्याकरणं छापायला पाद्र्यांना सवड झाली नव्हती, सरकारलाही क्वचितच झाली.