पुढच्या शनिवारी येणार ना?



गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. स्वयंसेवक विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास समाजासाठी द्यावेत, अशी तिची अपेक्षा. त्यातले काही तास गरीब वस्तीतल्या चिमुकल्यांच्या वाट्याला येतात.

अशाच एका वीटभट्टीवर आई-वडील पहाटेपासून विटा थापत असतात. सहा-सात वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन स्वयंसेवकांकडे गोष्ट ऐकायला येते. भाऊ मांडीवर झोपला, की तिचे हात मोकळे होतात आणि ती खडू उचलते. दिवसभरात तेवढाच वेळ तिचा स्वतःचा असतो.

अशा मुलांपर्यंत पोहोचायची वाट जुनी आहे. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेत येत नसतील, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी करून दाखवलं. बिया, पानं, शिंपले हीच त्यांची साधनं. म्हणजे या कामाला पैसा थोडा लागतो, सातत्य मात्र फार लागतं. लहान मूल पटकन जीव लावतं. खाऊ वाटून, फोटो काढून गेलेले ताई-दादा पुन्हा फिरकलेच नाहीत, तर ते मनातून खट्टू होतं.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, आठवड्यातून एकच तास द्या, पण ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी द्या. मुलांची नावं पाठ करा. आणि निरोप घ्यायची वेळ आली, तर त्यांना सांगून निघा.