देवराईची किंमत

देवाच्या नावाने राखलेल्या देवराईतून वाळकी काटकीसुद्धा चुलीसाठी न्यायची नाही, हा दंडक सह्याद्रीतल्या कित्येक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या रायांचा अभ्यास करत होते, तेव्हा भोवतालचे डोंगर बोडके होत चालले होते. राईत मात्र बेहडा, सातवीण उभे होते आणि त्यांच्यावर गारंबीचे जाडजूड वेल पीळ घालून चढलेले होते. झाडोऱ्यामुळे पाणी मुरतं, माती धरून राहते, मधमाश्यांना आसरा मिळतो. शास्त्रज्ञ याला ‘परिसंस्था सेवा’ म्हणतात. १९९७ साली रॉबर्ट कॉस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये साऱ्या पृथ्वीच्या अशा सेवांचं मोल वर्षाला सरासरी ३३ लाख कोटी डॉलर काढलं, जगाच्या तेव्हाच्या एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास पावणेदोनपट. एवढा हिशेब हाती असताना देव कशाला हवा, असं कुणीही विचारेल.

माझ्या मते तो हवा, कारण किंमत सांगितली की घासाघीस सुरू होते. आपल्याकडे वनजमीन प्रकल्पाला देताना तिचं ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरून घेतात आणि भरपाई म्हणून दुसरीकडे रोपं लावतात. हेतू जंगल वाचवण्याचा असेलही, पण पैसे भरणाऱ्याच्या लेखी तो परवान्याचा दर होतो. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत हेच दिसलं. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर वाढला. दंड उठवल्यावरही तो कमी झाला नाही. आधी जी भीड होती, तिची जागा दराने घेतली होती. पावित्र्याचं काम नेमकं इथे आहे. काही गोष्टींचा सौदा होत नाही, हे ते सौद्याआधीच ठरवून टाकतं. हिशेब त्यानंतर खुशाल करावा. धरणाच्या फायलीत आकडा नसेल तर झऱ्याला कुणी विचारत नाही, हेही खरंच आहे.

यावर जोरदार आक्षेप आहे: देव तरी कुठे विश्वासाचा? गुरवाने कौल लावायचा, पाकळी उजवीकडे पडली की देवाने झाडं तोडायला परवानगी दिली! जीर्णोद्धाराच्या नावाखाली झाडं तुटली, कौलारू देवळाच्या जागी स्लॅबचं देऊळ आलं, हे घडलेलं आहे. शिवाय काही रायांत बायकांना मज्जाव असे. हे सगळं मान्य. पण देवळासाठी राई विकली जाते तेव्हा देवही सौद्यात ओढला गेलेला असतो, म्हणजे दोष पुन्हा सौद्याचाच. मज्जावाचं समर्थन मात्र कुठल्याच अंगाने होत नाही. म्हणून पावित्र्य कशाला लागू, हे एकट्या गुरवाच्या हाती न ठेवता बायकांसह सगळ्या गावाने ठरवायला हवं. हे स्वप्नरंजन नव्हे. ओडिशातल्या नियमगिरीवर बॉक्साइटची खाण होणार होती. तो डोंगर डोंगरिया कोंध आदिवासींच्या नियमराजा या देवाचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली हा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला. बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही ठिकाणी खाणीला नकार मिळाला.