उधारीची उलटी वही

दिवाळीत कंपन्यांकडून कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या गिफ्ट कार्डांवरचा आकडा बरीच वर्षं बहुधा पाच हजारांच्या आसपास येऊन थबके. त्यामागे मालकाचं औदार्य किंवा कंजूषपणा फारसा नसे, आयकराचा नियम असे. नोकरदाराला वर्षभरात पाच हजारांच्या आतली भेटवस्तू किंवा व्हाउचर मिळालं तर त्यावर कर नाही, ही सवलत कित्येक वर्षं चालत आली. तीच रक्कम रोख दिली की ती पगारात धरली जाते. त्यामुळे पैसे आधी प्लास्टिकच्या कार्डात शिरतात आणि मग घरी येतात. लग्नामुंजीतही तेच. आहेराच्या पाकिटात 501 घालताना वरचा एक रुपया शोधावा लागे. कार्ड पाचशेच्या पटीत मिळतं, तो रुपया त्यात बसत नाही.

घरी आलेलं कार्ड खणात जातं. माटुंगा पूर्वेला किंग्ज सर्कलपासून फाइव्ह गार्डन्सपर्यंतच्या जुन्या इमारतींत एकाच जागेत दोन-दोन पिढ्या राहिलेली घरं आहेत. अशा घरातला टीव्हीखालचा खण म्हणजे छोटं संग्रहालयच. बंद पडलेलं घड्याळ, कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षतांची पुडी, लोकलच्या सीव्हीएम कुपनांची अर्धी वापरलेली पुस्तिका आणि रबरबँड लावलेली, एखाद्या मोठ्या दुकानाची गिफ्ट कार्डं. सीव्हीएमची कुपनं आठवत असतील त्यांना स्टेशनवरच्या यंत्रात कुपन सरकवून छाप उमटवताना होणारी धांदलही आठवेल. रेल्वेने ती पद्धत 2015 मध्ये बंद केली. त्या पुस्तिकेत काही उरलेलं नाही, हे घरातल्या सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. कार्डाचं तसं नाही. त्यात ‘काहीतरी असेल’ असं प्रत्येकाला वाटतं आणि म्हणून ते फेकलंही जात नाही.

किती असेल, हे पाहायला बसलं की खरी गंमत सुरू होते. कार्डाच्या मागे सोळा आकडी क्रमांक असतो आणि खाली चंदेरी पट्टी. पट्टी खरवडली की पिन दिसतो. पट्टी जुनी असेल तर नखासरशी पिनमधला एखादा आकडाही निघून येतो, मग तो तीन की आठ यावर घरात दोन तट पडतात. दुकानाच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकायचा, पिन टाकायचा, वाकडीतिकडी अक्षरं ओळखून आपण माणूस आहोत हे सिद्ध करायचं. शिल्लक दाखवणारी बनावट पानंही असतात. तिथे क्रमांक आणि पिन दिला की होती ती शिल्लकही दुसऱ्याच्या खरेदीत जाते. त्यापेक्षा सरळ दुकानात जाणं बरं. कॅशिअर कार्ड यंत्रातून ओढतो, बोटभर लांबीची पावती निघते आणि तो म्हणतो, ‘‘मॅम, बॅलन्स आहे, पण कार्ड एक्स्पायर झालंय.’’

पैसे आहेत पण मिळायचे नाहीत, असं हे विलक्षण वाक्य. ते नीट ऐकलं तर गिफ्ट कार्डाचं मर्म हाती लागतं. कार्ड विकत घेणाऱ्याने दुकानाला पैसे आधीच मोजलेले आहेत. माल अजून दिलेला नाही. म्हणजे दुकान देणेकरी आणि कार्ड ज्याच्या खिशात तो धनको. ही उधारीच आहे, फक्त उलटी: गिऱ्हाइकाने दुकानदाराला दिलेली, बिनव्याजी आणि तीही मुदत संपली की आपोआप माफ होणारी. शिवाय या उधारीची वही देणेकऱ्याकडे असते. धनकोने फोन करून, क्रमांक सांगून, विनंतीच्या सुरात विचारायचं की माझे किती निघतात.

खरं तर ती वही दुकानाकडेही नसते. देशातल्या अनेक मोठ्या दुकानसाखळ्यांच्या गिफ्ट कार्डांचा हिशेब क्विकसिल्व्हर ही बंगळुरूची कंपनी ठेवते. 2019 मध्ये ती पाइन लॅब्जने विकत घेतली. माटुंग्याच्या खणातल्या कार्डाची नोंद अशी दुसऱ्याच राज्यातल्या तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर असते, आणि काउंटरवरचा मुलगा आपल्याइतकाच पडद्याकडे बघत उभा असतो.

याच शहराने सरळ उधारीही पाहिली आहे. परळ-लालबागच्या चाळींत वाण्याकडचा किराणा महिनाभर ‘लिहून ठेवा’वर चाले. दुकानात लांबट, लाल कापडी बांधणीची खातेवही आणि गिऱ्हाइकाच्या घरी तेलाचे डाग पडलेली छोटी वही. माल घेताना दोन्हीकडे मांडलं जायचं, पगाराच्या दिवशी दोन्ही वह्यांचा मेळ बसवला जायचा. ‘‘वहिनी, मागचे बारा रुपये राहिलेत,’’ म्हणणारा वाणी काही संत नव्हता. भाव चढा लावणं, वजनात मारणं, अक्षरओळख नसलेल्याच्या वहीत एखादी ओळ जास्तीची घुसवणं हे सगळं होत असे. त्याला कंटाळूनच नायगावच्या कामगारांनी 1948 मध्ये ग्राहक सहकारी संस्था काढली. पुढे ती ‘अपना बाजार’ म्हणून घरोघरी पोचली. 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायतीने आणखी वेगळी वाट धरली. शेजारपाजारच्या कुटुंबांचा संघ करायचा, एकत्र यादी द्यायची, आलेला माल कुणाच्या तरी घरी उतरवून आपणच वाटून घ्यायचा. या दोन्ही प्रयोगांत स्वस्ताईची चर्चा जास्त झाली. पण हिशेब गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर आला, हे त्यांनी घडवलेलं दुसरं काम तितकंच मोठं होतं आणि त्याचं कौतुक तुलनेने कमी झालं.

आगाऊ पैसे घेण्यात मुळात काही गैर नाही. माटुंगा स्टेशनसमोर, भाजीबाजाराच्या वरच्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग 1942 पासून चालू आहे. तिथे आधी कूपन घ्यायचं, नंबर पुकारला की आत जायचं, केळीच्या पानावर किंवा ताटात जेवायचं. पैसे आधी, सांबार नंतर. पण हे कर्ज फार तर अर्ध्या-पाऊण तासाचं, आणि धनको दारातल्या बाकावर बसून आतल्या पंगतीवर नजर ठेवून असतो. तिथे शिल्लक तपासायची वेळच येत नाही. गिफ्ट कार्डात मात्र पैसे देणारा एक, वापरणारा दुसरा, आणि मधे काही महिने, कधी काही वर्षं. एवढ्या काळात माणसं विसरतात. दुकानंही बदलतात.

मुंबईत मोठी दुकानं बंद पडणं नवं नाही. 1897 पासून फोर्टात नाव कमावलेलं अकबरअलीज् हळूहळू आटत गेलं. सीएसटीसमोर टाइम्सच्या इमारतीत झगमगणारं प्लॅनेट एम गेलं. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस 2016 मध्ये बंद झालं. पण गिफ्ट कार्ड जवळ बाळगणाऱ्याने लक्षात ठेवावं असं उदाहरण बिग बझारचं. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात, जिथले कामगार एकेकाळी वाण्याकडे उधारीवर किराणा भरत, तिथे बिग बझार आलं आणि गिऱ्हाइकांकडून आगाऊ पैसे घेऊन व्हाउचरं देऊ लागलं. फेब्रुवारी 2022 मध्ये बिग बझार चालवणाऱ्या फ्यूचर समूहाच्या शेकडो दुकानांचा ताबा रिलायन्सकडे गेला. जागा तीच, बहुतेक कर्मचारी तेच, पाटी बदलली. जुलै 2022 मध्ये बँक ऑफ इंडियाच्या अर्जावरून समूहातल्या फ्यूचर रिटेल या कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया मुंबईच्या कंपनी लवादात सुरू झाली आणि 2024 मध्ये अवसायनाचा आदेश निघाला. अवसायनात पैसे वाटण्याचा क्रम कायद्याने ठरलेला आहे: प्रक्रियेचा खर्च, तारण घेतलेल्या बँका आणि कामगार, इतर कर्मचारी, विनातारण वित्तीय धनको, सरकारची देणी, आणि त्यानंतर ‘उरलेली सर्व देणी’. व्हाउचरवाला त्या शेवटच्या गर्दीत. अमेरिकेत 2008 च्या फेब्रुवारीत शार्पर इमेज ही दुकानसाखळी दिवाळखोरीत गेली तेव्हा आधी तिने गिफ्ट कार्डं स्वीकारणंच थांबवलं, नंतर कार्डाच्या दुप्पट रकमेची खरेदी केली तर चालेल अशी मेहेरबानी दाखवली.

धडधाकट कंपन्यांना तर हे विसरणं चक्क फायद्याचं. न वापरलेल्या शिलकीला हिशेबनीस ‘ब्रेकेज’ म्हणतात. भारतीय लेखामानक इंड एएस 115 त्याची रीतसर तरतूद करतं: किती ग्राहक येणारच नाहीत याचा पूर्वानुभवावरून अंदाज बांधता येत असेल, तर तेवढी रक्कम हळूहळू उत्पन्नात घ्यायची. स्टारबक्सच्या वार्षिक अहवालात हा आकडा वेगळा दिसतो. अलीकडच्या वर्षांत तो सुमारे 20 कोटी डॉलरचा आहे. एक कपही कॉफी न गाळता मिळालेले पैसे! वाण्याच्या खातेवहीत गिऱ्हाइकाच्या विसरभोळेपणाचा असा स्वतंत्र रकाना कधी नव्हता.

सरकारचं धोरण याहून मजेदार आहे. व्हाउचर म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. सोडेक्सो या कंपनीची जेवणाची कागदी कुपनं राज्यातल्या एका शहराच्या हद्दीत येतात, म्हणजे ती ‘माल’ आहेत आणि त्यांच्यावर स्थानिक कर लागतो, असं तिथल्या महापालिकेचं म्हणणं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केलं. डिसेंबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: कूपन हा माल नव्हे. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने पुढचं पाऊल टाकलं: व्हाउचरचा व्यवहार ना वस्तूंचा पुरवठा, ना सेवेचा, आणि न वापरलेल्या रकमेवरही जीएसटी नाही. आता माल नाही, सेवाही नाही, तर उरतं काय? देणं. कर आकारणाऱ्यांनी वळणं घेत घेत जे म्हटलं ते वाण्याच्या पोराला पहिल्या दिवशी कळलं असतं.

देणं आहे, मग धनकोला संरक्षण काय? इथे कार्ड कुणी काढलं यावर सगळं अवलंबून. बँकेने किंवा परवानाधारक कंपनीने काढलेलं, अनेक दुकानांत चालणारं गिफ्ट कार्ड रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली येतं. त्याची कमाल रक्कम दहा हजार, किमान मुदत एक वर्ष. मुदत संपण्याआधीच्या 45 दिवसांत ग्राहकाला सावध करणं बंधनकारक. मुदत संपल्यावर किमान तीन वर्षं ती रक्कम कंपनीला आपल्या नफ्यात ओढता येत नाही, आणि धारकाने नंतर कधीही मागितली तर बँक खात्यात परत द्यावी लागते. नियम नेटका आहे. पण दुकानाने स्वतःच्या दुकानापुरतं काढलेलं कार्ड या चौकटीच्या बाहेर ठेवलेलं आहे, त्याला परवानगीही लागत नाही. दिसायला दोन्ही सारखीच, पाठीमागची चंदेरी पट्टीसुद्धा. काउंटरवर फरक सांगणारं कुणी नसतं.

तुलनेसाठी बँकेतल्या विसरलेल्या ठेवी पाहाव्यात. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही तर त्या रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात, पण मालकाचा हक्क संपत नाही. ऑगस्ट 2023 पासून ‘उद्गम’ या संकेतस्थळावर नाव टाकून त्या शोधताही येतात. आजोबांच्या चौदाशे रुपयांसाठी एवढी यंत्रणा आणि सुनेच्या दोन हजारांच्या कार्डाला बारा महिने, हा हिशेब पटणारा नाही. अमेरिकेने 2009 च्या कायद्याने गिफ्ट कार्डाला निदान पाच वर्षांचं आयुष्य दिलं, दुकानाच्या कार्डालासुद्धा. आपल्याकडे दुकानाच्या कार्डासाठी तेवढं करायला रिझर्व्ह बँकेची वाट पाहायचीही गरज नाही, ग्राहक खात्याने ठरवलं तरी पुरे.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्यायकारक करार’ अशी नवी संकल्पना आली. मुदत संपताच धनकोचे पैसे गिळणारी अट तिच्यात बसते, असा युक्तिवाद करायला भरपूर जागा आहे. अडचण एवढीच, की अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही. ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. कार्डात 372 रुपये असतील तर वकील, शपथपत्रं, तारखा आणि दक्षिण मुंबईच्या फेऱ्या यांचा हिशेब कुणीही मनातल्या मनात करतं. कुणी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावतं, आणि कधी कधी त्या एका फोनवर दुकान मुदत वाढवूनही देतं. बाकीचे कार्ड चालू असेतोवर दुकानात जाऊन मोज्यांचे जोड घेतात आणि वरचे 27 रुपये खिशातून भरतात.